रेडिओची खरखर : तक्रार कोणाची, धोका कशाचा?



दिवसभराची कामे आटोपून, हातपाय धुऊन तुम्ही ओसरीवर ट्रान्झिस्टर लावता. हवामान सांगून होते, बाजारभाव सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच खरखर सुरू होते. सोयाबीनचा भाव कळतो, तुरीचा भाव खरखरीत जातो. आपण सेटवर एक थाप मारतो, काटा थोडा इकडेतिकडे करतो आणि शेवटी कंटाळून बटण बंद करतो.

गावोगाव सभेला गेलो की या खरखरीबद्दल दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "गावाशेजारी मोबाईलचा टॉवर झाला, त्यानंच रेडिओ बिघडतो ना?" आणि दुसरा, "त्या टॉवरच्या आणि खिशातल्या मोबाईलच्या लहरी अंगाला बाधतात का?" प्रश्न रास्त आहेत. आता शेतात मोबाईलवर चालणारा स्टार्टर आला, सौर कुंपण आले, ओलावा मोजणारी बिनतारी यंत्रे येऊ लागली. म्हणून या पत्रकात हा विषय सविस्तर देत आहोत.

उत्तर आधी थोडक्यात सांगतो. रेडिओची खरखर बहुतेक वेळा टॉवरमुळे नसते. ती आपल्याच घरात, वस्तीवर किंवा शिवारात कुठे तरी उडणाऱ्या विजेच्या ठिणगीमुळे किंवा हलक्या प्रतीच्या वीज उपकरणामुळे असते. आणि बिनतारी यंत्रांच्या बाबतीत शेतकऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे तो लहरींपेक्षा चुकीच्या तारेचा आणि अचानक सुरू होणाऱ्या मोटारीचा. तो कसा, ते आता पाहू.

खरखर येते कोठून?

रेडिओ केंद्र बोलणे आणि गाणे विद्युत लहरींवर चढवून हवेत सोडते. आपला रेडिओ त्या लहरी पकडून पुन्हा आवाज करतो. मध्यम लहरींचे, म्हणजे मीडियम वेव्हचे, केंद्र ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात लागते. या पद्धतीत लहरीचा जोर कमी-जास्त होतो आणि त्या चढउतारातून आवाज तयार होतो.

आता बघा, विजेची ठिणगी उडाली की तीही लहरी सोडते. जगातली सुरुवातीची बिनतारी संदेश यंत्रे ठिणगीवरच चालत असत. पण रेडिओ केंद्र एकाच ठरलेल्या लहरीवर बोलते, तर ठिणगी एकदम सगळ्या लहरींवर ओरडते. चावडीवर कोणी शांतपणे बोलत असावे आणि शेजारी कोणी पत्रा बडवावा, तसे होते. ठिणगीमुळे लहरीचा जोर वाढतो आणि रेडिओ त्यालाच आवाज समजतो. एफ.एम. पद्धतीत आवाज लहरीच्या जोरात नसून तिच्या कंपनांच्या वेगातील फरकात असतो, म्हणून एफ.एम.वर खरखर कमी येते.

टॉवरचे काय? मोबाईलच्या लहरी मध्यम लहरींपेक्षा शेकडो पटींनी जलद कंप पावतात. त्या ७०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतात आणि तुमच्या मीडियम वेव्ह केंद्राच्या पट्ट्यात सहसा येत नाहीत. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या विजेच्या पेट्यांतून क्वचित गडबड होऊ शकते. पण दहा घरी खरखर असेल तर टॉवरकडे बोट दाखवण्याआधी आपले घर तपासावे.

आवाजावरून रोग ओळखा

जनावराच्या श्वासावरून जसे त्याचे दुखणे कळते, तसे खरखरीच्या प्रकारावरून दोष कळतो. पुढील खुणा लक्षात ठेवा.

(१) टिक्… टिक्… टिक्… असा साधारण सेकंदाला एक ठोका : जवळपास झटका मशीन, म्हणजे विजेचे कुंपण, चालू आहे आणि त्याची तार कुठे तरी गळत आहे.

(२) सतत गुर्रर्र असा आवाज, वाऱ्याबरोबर कमी-जास्त होणारा : विजेच्या खांबावरचा किंवा डीपीवरचा एखादा जोड सैल आहे.

(३) तोच आवाज धुक्यात, दवात किंवा पहिल्या पावसात वाढणारा : खांबावरच्या चिनी मातीच्या चिमणीला तडा गेला आहे किंवा तिच्यावर मळ साचला आहे.

(४) दिवा लावताच सुरू होणारी आणि मालवताच थांबणारी खरखर : हलक्या प्रतीचा एलईडी दिवा किंवा मोबाईलचा चार्जर.

(५) ऊन वर आले की सुरू, मावळतीला बंद : सौरपंपाच्या कंट्रोलरची पेटी.

(६) टर्र-टर्र-टर्र, आणि लगेच फोनची घंटी : साधा टू-जी मोबाईल किंवा मोबाईल स्टार्टर रेडिओच्या अगदी जवळ आहे. तो दूर ठेवला की झाले.

(७) अधूनमधून एकदम कडकड : ही आकाशातील वीज. मीडियम वेव्हवर दूरच्या विजेचीही कडकड येते, ढगांचा गडगडाट कानी पडण्याच्या कितीतरी आधी. वळवाच्या दिवसांत अशी कडकड वाढू लागली की उघड्या रानातील काम आवरते घ्यावे आणि पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईलवरील ॲपही जवळच्या विजेची सूचना देते.

ट्रान्झिस्टर घेऊन दोष शोधा

यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. रीत अशी :

पहिली पायरी. रेडिओ सेलवर लावा. जेथे कोणतेच केंद्र नाही, नुसती खरखर आहे, अशा जागी काटा ठेवा.

दुसरी पायरी. घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर दोष तुमच्याच घरात आहे. मेन स्विच पुन्हा चालू करून एकेक दिवा, चार्जर आणि पंखा लावत जा. ज्याच्यासरशी आवाज आला तो गुन्हेगार.

तिसरी पायरी. मेन स्विच बंद करूनही खरखर राहिली तर दोष बाहेर आहे. आता रेडिओ आडवा धरून सावकाश गोल फिरवा. सेटच्या आत एक काळी कांडी असते. ती बहुधा सेटच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असते. कांडीचे टोक खरखरीच्या उगमाकडे झाले की आवाज सर्वांत कमी होतो. म्हणजे आवाज जेथे पडतो, तेव्हा सेटची लांबी ज्या दिशेला आहे, त्याच रेषेत पुढे किंवा मागे दोष असतो. दुसऱ्या जागी उभे राहून हेच करा. दोन्ही रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे जाऊन पाहा.

चौथी पायरी. उगमाजवळ जाल तसा आवाज वाढेल. पण विजेच्या खांबाजवळ आलात तर तेथेच थांबा. खांबाला, ताणाच्या तारेला किंवा डीपीच्या पेटीला हात लावू नका. काठीने ठोकून पाहू नका. खांबाचा क्रमांक लिहून घ्या आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. "रेडिओ खरखरतो" एवढेच सांगू नका. "अमुक खांबावर ठिणगी उडते असा संशय आहे" असे सांगा. सैल जोड आज खरखर करतो, उद्या तोच जळून तार खाली पडते आणि तिच्याखाली उभा ऊस पेटतो.

एका गावचा अनुभव सांगतो. तेथील मंडळी टॉवरच्या विरोधात अर्ज लिहून तयार होती. मी म्हटले, "अर्ज उद्या देऊ, आज रेडिओ फिरवू." रेडिओत टिक्-टिक् ऐकू येत होती. दोघे तिघे मिळून दिशा धरत गेलो, तो मक्याच्या एका शेताच्या बांधावर आवाज एकदम वाढला. झटका कुंपणाची तार एका लोखंडी अँगलला घासत होती आणि तेथे दर ठोक्याला बारीक ठिणगी उडत होती. शेताचा मालक म्हणाला, "तरीच! पंधरा दिवस झाले, रानडुकरं कुंपणाला जुमानत नाहीत." झटका अँगलमधून जमिनीत जात होता, डुकरापर्यंत पोचतच नव्हता. दोन-चार रुपयांची इन्सुलेटरची गोटी बदलली. गावाचा रेडिओ सुधारला आणि त्याचा राहिलेला मका वाचला. अर्ज फाडावा लागला. खरखर ही अशी फुकटची सूचना असते.

झटका कुंपण : ठोका हवा, सलग वीज नको

झटका मशीन तारेत सतत वीज सोडत नाही. ते साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ, जोराचा ठोका देते. जनावराला हिसका बसतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात त्याला सुटून मागे जाता येते. याच मधल्या वेळामुळे जीव वाचतो.

म्हणून हात जोडून सांगतो, घरातली किंवा मोटारीची वीज आकडा टाकून थेट कुंपणाच्या तारेत कधीही सोडू नका. त्या विजेत मधला वेळ नसतो. तारेला धरलेला हात सुटत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारेला शेजारी, रात्री पाणी द्यायला निघालेला गडी किंवा घरचाच मुलगा चिकटल्याच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही होतो. पीक पुन्हा घेता येते, माणूस पुन्हा येत नाही.

मशीन चांगले असले तरी पुढील काळजी घ्या :

तारेला गवत, वेल आणि ओल्या फांद्या टेकू देऊ नका. दर आठवड्याला कुंपणाचा फेरा मारा. तडा गेलेल्या गोट्या बदला. तारेचे जोड नुसते पिळून न ठेवता घट्ट आवळा, कारण सैल जोडात ठिणगी उडते. मशीनच्या अर्थिंगच्या सळया घराच्या, मोटारीच्या किंवा टेलिफोनच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर ठोका. नाही तर कुंपणाचा ठोका घरच्या वायरिंगमध्ये शिरतो आणि रेडिओही टिकटिकतो. उच्च दाबाच्या वाहिनीखालून किंवा तिला समांतर कुंपणाची तार नेऊ नका. वाटेच्या बाजूला सूचनेच्या पाट्या लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना व लहान मुलांना तोंडी सांगून ठेवा.

सौरपंप आणि एलईडी दिवे

सौरपंपाचा कंट्रोलर सूर्यप्रकाशाची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटारीला लागेल तशी करून देतो. त्यातून थोडी खरखर निघणारच. पण ती वाढते ती तारांच्या पसरट मांडणीमुळे. पॅनेलकडून येणारी अधिक आणि उणे तार वेगवेगळ्या वाटेने आणली तर मधल्या मोकळ्या जागेचा मोठा फास तयार होतो आणि तो फासच एरियलचे काम करतो. दोन्ही तारा एकत्र, एकमेकींना लागून आणा. पेटीचे आणि सांगाड्याचे अर्थिंग तपासा. तरीही त्रास असेल तर तारेवर फेराइटची काळी कडी बसवता येते. संगणकाच्या केबलवर जी जाडसर गाठ दिसते, ती हीच. हे काम पंप बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून करून घ्या. पॅनेलवर ऊन असेपर्यंत त्या तारांत वीज असते, हे विसरू नका.

एलईडी दिवा आणि चार्जर घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. आठवडी बाजारात उघड्यावर मिळणारा बिनखुणेचा चार्जर रेडिओ बिघडवतो, फोनची बॅटरी बिघडवतो आणि त्याच्या आतील जोडणी कच्ची असेल तर हाताला झटकाही देतो.

मोबाईल स्टार्टर : सोय मोठी, सावधगिरी त्याहून मोठी

मोबाईल स्टार्टरमुळे रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून विहिरीवर जाणे वाचले, ही फार मोठी सोय झाली. तो नीट चालावा म्हणून त्याचे एरियल लोखंडी पेटीच्या आत कोंडू नका. लोखंड लहरी अडवते. एरियल पेटीबाहेर, उंचावर आणि मोटारीच्या जाड तारांपासून दूर लावा. स्टार्टर ओढताना रेडिओत एक 'कट्' आवाज येणे साहजिक आहे. पण मोटार चालू असेपर्यंत सलग खरखर येत असेल तर स्टार्टरचे पॉइंट जळले आहेत किंवा जोड ढिला आहे. वायरमनला दाखवा. दुर्लक्ष केल्यास एक फेज तुटून मोटार जळते.

आता मुख्य गोष्ट. ज्या मोटारीला फोनवरून हुकूम देता येतो, ती तुम्ही विहिरीत उतरलेले असतानाही सुरू होऊ शकते. घरून मुलगा फोन लावील, किंवा स्टार्टर 'ऑटो'वर असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होईल. "वीज गेली आहे, तोवर फुटव्हॉल्व्ह बघून घेतो" असे म्हणून उतरणाऱ्याला हे लक्षात राहत नाही. म्हणून विहिरीत उतरण्यापूर्वी किंवा मोटारीला हात लावण्यापूर्वी हे चार नियम पाळा :

(१) नुसता फोनवरून 'बंद'चा हुकूम पुरेसा नाही. मेन स्विच हाताने खाली करा.

(२) त्यानंतर तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

(३) पेटीवर 'माणूस विहिरीत आहे' अशी पाटी अडकवा आणि वर एक माणूस उभा करा.

(४) स्टार्टरमध्ये फक्त घरच्या दोन-तीन जणांचे क्रमांक नोंदवा. कोणाच्याही मिस्ड कॉलने मोटार सुरू होईल अशी मांडणी ठेवू नका.

विहिरीचे सुरुंग आणि मोबाईल

विहिरीचे खोदकाम चालू असेल तर आणखी एक सांगणे आहे. विजेवर उडणाऱ्या डेटोनेटरच्या दोन तारा मोकळ्या असतील तर त्याही एरियलसारखे काम करतात. जवळून जोरदार लहरी सोडणारे बिनतारी यंत्र चालू असेल तर त्या तारांत वीज निर्माण होऊ शकते. सुरुंग भरताना व तारा जोडताना मोबाईल, वॉकीटॉकी आणि मोबाईल स्टार्टर जवळ नकोत. सुरुंग लावणारा परवानाधारक जे अंतर सांगेल तेवढे दूर राहा आणि तेथे फोनवर फोटो काढण्याचा मोह आवरा. आकाशात वीज कडाडत असेल तर ते काम त्या दिवशी नकोच.

बिनतारी यंत्र घेताना काय पाहाल?

जमिनीवर जशी मालकी आणि वहिवाट असते, तशी लहरींच्या पट्ट्यांचीही वाटणी असते. एक पट्टा रेडिओला, एक मोबाईलला, एक विमानांना. आपल्या देशात १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांनी ही शिस्त लावली. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यात आला.

काही पट्टे मात्र गायरानासारखे खुले ठेवले आहेत. तेथे ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी शक्तीची यंत्रे वेगळा परवाना न काढता चालवता येतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली असा खुला झाला आणि पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. जमिनीचा ओलावा मोजणारी आणि हवामानाची नोंद पाठवणारी बरीच यंत्रे याच पट्ट्यात चालतात. पण गायरानातही कोणी शंभर जनावरे सोडून चालत नाही. म्हणून यंत्राची शक्ती आणि पट्टा तपासून सरकारच्या डब्ल्यू.पी.सी. शाखेकडून ई.टी.ए. नावाची मान्यता घ्यावी लागते. ती घेण्याची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची आहे. आपण विक्रेत्याकडे तिची प्रत मागावी आणि त्यावरील मॉडेलचा क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे.

परदेशातून मागवलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी एक अडचण असते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा यंत्रांसाठी खुला आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. तेव्हा तिकडचे यंत्र इकडे लावले तर गावातल्या फोनच्या बोलण्यातच ते घुसते.

असाच प्रकार सिग्नल बूस्टरचा. घरात रेंज येत नाही म्हणून काही जण छतावर एरियल आणि आत पेटी असा बूस्टर बसवतात. त्या घरात चार दांड्या दिसतात खऱ्या, पण तो बूस्टर टॉवरच्या कानाशी सतत ओरडत राहतो आणि बाकीच्या गावाचे फोन लागेनासे होतात. असा बूस्टर बसवण्याचा अधिकार फक्त परवानाधारक मोबाईल कंपनीला आहे. खाजगी माणसाने तो लावणे कायद्याने गुन्हा आहे. पाटाला वरच्या अंगाला दार बसवून सगळे पाणी आपल्याच वाफ्यात वळवण्यासारखे ते आहे. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली आणि फोन लागला नाही, तर दोष कोणाचा? रेंजसाठी गावाने मिळून कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

जुना किंवा स्वस्तातला मोबाईल घेताना *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की फोन खरा आहे की बनावट याची माहिती मिळते. बनावट फोनच्या लहरी तपासलेल्या असतील याची काहीच खात्री नसते.

लहरी अंगाला बाधतात का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. क्ष-किरण आणि मोबाईलच्या लहरी यांत मूळचा फरक आहे. क्ष-किरण अंगातील अणूंची मोडतोड करू शकतात. रेडिओच्या व मोबाईलच्या लहरींत तेवढी ताकद नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. फार जोरदार लहरी अगदी जवळून बराच वेळ लागल्या तर शरीराचा तो भाग तापतो. म्हणून मर्यादा घातल्या आहेत.

मोबाईलसाठी भारताने २०१२ साली एक प्रमाण ठरवले. शरीराच्या कोणत्याही एक ग्रॅम भागात शोषली जाणारी शक्ती किलोला १.६ वॅटपेक्षा जास्त असू नये. याला 'सार' म्हणतात. बऱ्याच फोनवर *#०७# दाबले की हा आकडा दिसतो.

टॉवरसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशाने आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग लागू केला. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला ४.५ वॅट होती, ती आपण ०.४५ वॅट धरली. ज्यांना शंका असेल त्यांना दूरसंचार विभागाच्या २०१७ साली सुरू झालेल्या 'तरंग संचार' या व्यवस्थेमार्फत, ठरलेले शुल्क भरून, टॉवरच्या लहरी मोजून मागता येतात. ग्रामपंचायतीने असे मोजमाप करून घेतले तर उगाच वाद राहत नाहीत.

कर्करोगाबद्दलही सरळ सांगतो. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक असू शकतील' अशा गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा तोकडा होता, पण शंका पूर्ण फिटलेली नव्हती. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. संशोधन चालूच आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण विनाखर्चाची काळजी घ्यायला काय हरकत आहे?

काळजीचे सूत्र एकच : अंतर. शेकोटीपासून जरा मागे सरकलो की धग कमी होते, तसेच. अंतर दुप्पट केले की लहरींचा जोर सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून दूरच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनचीच शक्ती अंगात जास्त जाते. आणि आणखी एक गंमत बघा. रेंज कमी असेल तर फोन जास्त जोर लावतो. टू-जी फोन ठोक्याठोक्याने २ वॅटपर्यंत शक्ती सोडू शकतो, फोर-जी फोन साधारण ०.२ वॅटपर्यंत. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खोलगट ओढ्यात एकाच दांडीवर तासभर बोलू नका. बांधावर, उंचावर या आणि थोडक्यात बोला. लांबचे बोलणे असेल तर स्पीकर लावा. उशाशी फोन ठेवून झोपू नका. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी फोन त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, म्हणजे सदऱ्याच्या वरच्या खिशात नको. झटका कुंपणाजवळ जाण्याबाबतही त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

छपरावरील टॉवरच्या एरियलसमोर, त्याच उंचीवर, अगदी जवळ उभे राहू नये. डागडुजीसाठी जायचे असेल तर आधी कंपनीला कळवावे. टॉवरने पाऊस पळतो, ही मात्र समजूतच आहे. ढगांना लहरी अडवत नाहीत.

लक्षात ठेवा

खरखर झाली की प्रथम आपला मेन स्विच बंद करून पाहा.
टिक्-टिक् ऐकू आली की कुंपणाचा फेरा मारा.
खांबावर ठिणगी असेल तर हात लावू नका, १९१२ वर कळवा.
कुंपणात थेट वीज कधीही सोडू नका.
विहिरीत उतरताना किटकॅट आपल्या खिशात हवेत.
बिनतारी यंत्राची मान्यता मागून पाहा, बूस्टर लावू नका.
फोन अंगापासून दूर, बोलणे थोडके.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोता मंडळे सुरू केली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि मग ठरवून काम करत. ऐका, चर्चा करा, कृती करा, अशी ती रीत होती. या पत्रकाचेही तसेच करा. चार शेजाऱ्यांना वाचून दाखवा, येत्या रविवारी सर्वांनी मिळून ट्रान्झिस्टर घेऊन शिवाराचा एक फेरा मारा आणि काय सापडले ते आम्हाला कळवा. तुमच्या शंका कार्यक्रमाकडे जरूर पाठवा. त्यांची उत्तरे आपण पुढील भागात ऐकू, आणि तीही खरखरीशिवाय, अशी आशा आहे.